हरेश्वरच्या नावाआधी

“श्री नको लावू गो. श्री ते सरकारी कागदावर येतं. माझ्या पोराला चिरंजीव लिव.”

चांगुणाबाय चोगले काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून माझ्या स्क्रीनकडे बघत होती. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण बघत होती अशी, की मी काही चुकवलं तर तिथल्या तिथे पकडेल. श्रीवर्धनच्या बाजारात पालकरशेठच्या छापखान्यात मी तेव्हा कॉम्प्युटरवर बसायची. लग्नसराई तोंडावर आलेली, जेवायला फुरसत नाही, आणि ही बाई सकाळी मासळीची पाटी रिकामी करून थेट माझ्यासमोर उभी. धाकट्या लेकीचं, नयनाचं लग्न होतं. पत्रिकेचा मजकूर ती तोंडी सांगत होती.

“लग्न झालेल्या माणसाला श्री. लावतात, चांगुणाबाय. चि. लहान मुलांना, नाहीतर नवऱ्यामुलाला.”

“बोलावणं कोण करतंय? मीच ना? मग मी माझ्या पोराला काय म्हणायचं ते तू शिकवणार?”

तेही बरोबरच होतं. निमंत्रण आईच्या नावाने असलं की मुलाला चि. चालतं. मी टाइप केलं, ‘चि. हरेश्वर गणपत चोगले’, आणि पुढे हात चालेना. कारण हरेश्वर दर्यात गेला हे खालच्या कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याला तीन-चार वर्षं झाली असतील. नारळी पुनवेनंतर बोटी बाहेर पडल्या आणि अचानक वादळ आलं. त्यांची बोट फुटली. तिघांना दुसऱ्या बोटीने उचललं, दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली, हरेश्वर मात्र मिळाला नाही. चांगुणाबायने त्याचे दिवस घातले नाहीत. “डोळ्यांनी बघितल्याबिगर मी माझ्या पोराच्या नावाने पाणी सोडणार नाय,” असं तिने भावकीला तोंडावर सांगितलं. तिच्या पुढे बोलायची कोणाची टाप होती! सून सुगंधा कुंकू लावत राहिली, हिरव्या बांगड्या भरत राहिली.

तेवढ्यात मागून पालकरशेठ आले. स्क्रीनवर बघितलं, आणि मला आत बोलावलं.

“उल्का, हे काय लिहितेस?”

“सांगितलं ते लिहिते.”

“अगो, गेलेल्या माणसाला चि.? उद्या आख्खा कोळीवाडा माझ्या नावाने शंख करेल. मागच्या वेळचं विसरलीस?”

विसरीन कशी? मागच्या वर्षी आमच्याकडून एका साखरपुड्याच्या पत्रिकेत जिवंत आजोबांच्या नावाआधी कै. पडलं होतं. जुन्या फाइलवर नवा मजकूर चढवताना नाव बदललं, कै. तसंच राहिलं. आजोबा काठी टेकत स्वतः दुकानात आले. “पालकर, मी गेलो म्हणे! मग बाराव्याला मला का नाही बोलावलंस?” असं म्हणाले. आम्ही हसलो, पण शेठ हसले नाहीत. त्यांनी पुण्याच्या भाच्याकडून शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम मागवला आणि दुकानात दोन कायदे केले. स्क्रीनवर एकही लाल रेघ असेपर्यंत प्रूफ काढायचं नाही. आणि प्रूफवर घरातल्या थोरल्या माणसाची सही किंवा अंगठा घेतल्याशिवाय छपाईला जायचं नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला मी मोठ्याने वाचून दाखवायचं.

आता त्या प्रोग्रामची अक्कल ऐका. त्याला टिंब समजायचंच नाही. शब्द टिंबापाशी आला की हा सुरी चालवायचा, टिंब फेकून द्यायचा आणि उरलेला तुकडा आपल्या यादीत शोधायचा. कै. मधला ‘कै’ त्याला सापडायचा नाही, की लगेच खाली लाल रेघ. वर मला विचारायचा: कैक? कैद? कैरी? म्हणजे कैलासवासी गणपतरावांचे कैरी गणपतराव करायला तो एका पायावर तयार. चि. ला म्हणायचा, ची? चीड? चीक? ‘आई-वडील’ मधोमध तोडायचा, आई वेगळी तपासायचा, वडील वेगळे, आणि दोघेही यादीत आहेत म्हणून खूश. सौ. बरोबर, कारण त्याच्या लेखी ते हिंदीतलं शंभर. ज्या चुकीसाठी शेठने तो आणला, ती चूक त्याला जन्मात कळली नसती. जिवंत माणूस काय आणि मेलेला काय, त्याच्याकडे दोघांना लाल रेघ. शेठना मी हे सांगितलं तर म्हणाले, “तू यादीत घाल ते शब्द.” घातले असते, पण तो टिंबासकट घेईचना. नुसता ‘कै’ बरोबर धरला की उद्या ‘कैरी’तला ‘री’ राहिला तरी हा गप्प बसणार. म्हणून मी दर वेळी एकेका नावावर जाऊन ‘दुर्लक्ष करा’ दाबायची.

“घरच्यांकडून एकदाचं ठरवून घे,” शेठ म्हणाले. “मला नंतर भानगड नको.”

मी बाहेर आले तर चांगुणाबाय पाटी उचलून निघाली होती. “सुनेला धाडते उद्या,” म्हणाली. “तिला वाचता येतं. ती बघेल, मग मी अंगठा देतंय.”

सुगंधा दुसऱ्या दिवशी दुपारी आली. सडसडीत, उंच, बोलणं हळू. मी तिला खुर्ची दिली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिने बोट फिरवत वरपासून वाचलं. हरेश्वरच्या नावापाशी बोट जरा थांबलं, मग खाली सरकलं. तिथे तिचं नाव होतं, सौ. सुगंधा हरेश्वर चोगले.

“बरोबर हाय, ताय.”

“बरोबर आहे?” माझी जीभ मुळातच लांब, त्यात दुकानात आम्ही दोघीच. “सुगंधा, खरं सांग. तुलाही वाटतं तो येईल?”

तिने नाही म्हणून मान हलवली. “मला म्हायीत हाय तो नाय येणार. त्याच वर्षी म्हायीत होतं.”

“मग हे चि. कशाला?”

“आयला जगायला तेवढंच हाय, ताय. सकाळी दार उघडते ना, आधी बंदराकडे बघते. मग चूल पेटवते. ते मी कसं काढून घेऊ तिच्याकडून?”

मग तीच बोलायला लागली. बहुतेक तिला कोणाला तरी सांगायचंच होतं, आणि मी काही कोळीवाड्यातली नव्हते. तिच्या भावाने मुरुडहून एक स्थळ आणलं होतं. माणसाची बायको बाळंतपणात गेलेली, लहान मुलगी पदरात, स्वतःची होडी. चांगला माणूस होता. एका लग्नात भेट झाली तेव्हा सुगंधाशी चार शब्द नीट बोलला होता.

“आणि ती पोर, ताय, माझ्याकडेच आली. एवढ्या बाया बसलेल्या, सगळ्यांना सोडून माझ्या मांडीवर येऊन झोपली. उठवलं तर रडायला लागली.” हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि तेच बघून मला भडभडून आलं.

“मग अडलंय कुठे?”

“ते लोक म्हणतात, तुमच्याकडे त्याचे दिवस घातलेले नाय. आम्ही कोणाची बायको आणली असं व्हायला नको. नयनाची पत्रिका येऊ दे. तुमच्या घरचे पत्रिकेत काय लिवतात ते बघू, मग बोलू.”

“म्हणजे ह्या कागदावर आहे सगळं?”

“हां.”

“आणि तू बरोबर आहे म्हणून सांगतेस? अगं बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? चि. छापून गावभर वाटलं की संपलं. परत कोण विचारणार आहे तुला?”

“नाय विचारणार.” ती उठली. “मी भावाला नाय म्हणून कळवलंय. तू आयला यातलं कायपण बोलू नको, ताय. शपथ हाय तुला.”

ती गेली. मी चि. वर ‘दुर्लक्ष करा’ दाबलं, प्रूफ काढलं, आणि रात्रभर चरफडत राहिले.

शपथ वगैरे मी पाळली नाही. पाळणारही नव्हते, आणि आजही त्याचं मला काही वाटत नाही. सकाळी चांगुणाबाय अंगठा द्यायला आली तेव्हा मी प्रूफ बाजूला सरकवलं आणि म्हटलं, “बस आधी.” ती बसली. मी सगळं सांगितलं. मुरुडचा माणूस, त्याची पोर, पत्रिकेची वाट बघणारी ती माणसं, आणि सुगंधाचं नाही म्हणणं. बोलता बोलता माझा आवाज चढला. “ती तुझ्यासाठी मरतेय, कळतंय का तुला? तिला माहीत आहे तो येणार नाही. तुला कळू नये म्हणून कुंकू लावते ती!”

मला वाटलं, आता ही माझं तोंड फोडणार. कोळीवाड्यात चांगुणाबायच्या शिव्या प्रसिद्ध होत्या. पण ती पायाशी ठेवलेल्या पाटीच्या काठावर बोट घासत राहिली.

“पोर केवढी हाय?” तिने विचारलं.

“कुठली पोर?”

“त्या मुरुडवाल्याची.”

“असेल तीन-चार वर्षांची.”

“आणि हिच्या मांडीवर झोपली?”

“असं म्हणाली.”

“हां,” ती म्हणाली. मग उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि अंगठा न देताच गेली. शेठ गल्ल्यावरून ओरडले, “काय गं, काय बोललीस तिला?” मी म्हटलं, “जे बोलायचं ते.”

बाजार उठल्यावर ती परत आली. बरोबर सुगंधा. सुगंधाने माझ्याकडे बघितलं आणि मी मान फिरवली. चांगुणाबाय धुतलेलं लुगडं नेसली होती, देवळात निघाल्यासारखं.

“वाच,” ती म्हणाली.

मी कायद्याप्रमाणे पहिल्यापासून मोठ्याने वाचायला लागले. श्री हरिहरेश्वर प्रसन्न. कै. गणपत धर्मा चोगले यांची कन्या. चि. सौ. कां. नयना. मुलाकडची नावं, तिथी, मुहूर्त. सगळ्याला ती “हां, हां” करत होती. मग खालची नावं आली. “आपली विनम्र, श्रीमती चांगुणाबाय गणपत चोगले. चि. हरेश्वर गणपत...”

“थांब. तिथं कैलासवासी लिव.”

सुगंधा उठलीच. “आय! काय बोलतेस?”

“गप बस. मी बोलतंय ना?” चांगुणाबायने तिच्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली. “तो म्हातारा लक्ष्मण तांडेल होता ना, आपल्या बोटीतनं वाचलेला. मागल्या वर्षी गेला तो. त्याने मला तेव्हाच सांगितलं होतं. हरेश्वरचा हात धरलेला त्याने. लाट आली, हात सुटला. त्याच्या डोळ्यांदेखत खाली गेला माझा पोर.”

“कधी? कधी सांगितलं?”

“वादळातनं आला त्याच दिवशी.”

“मग मला का नाय सांगितलंस?”

“तू माहेरी गेली असतीस.” आता तिने सुगंधाकडे बघितलं. “मी एकटी ऱ्हायली असते. मला भ्या वाटलं घराचं. म्हणून तांडेलाला म्हटलं, कोणाला बोलू नको. माझ्यापायी तुला बांधून ठेवली गो मी. माझा सवारथ. शिव्या दे मला.”

मला वाटलं सुगंधा चिडेल. मला तर संताप आलाच होता. इतकी वर्षं माहीत असून पोरीला असं ठेवलं! पण सुगंधा शिव्याबिव्या काही देईना. तिने सासूचे दोन्ही दंड धरले आणि लहान मुलासारखं विचारलं, “म्हणजे तो नाय ना, आय? नाय ना तो?”

“नाय गो.”

“खरंच नाय?”

“नाय, माझे बाय.”

आणि मग जी ती रडली! जमिनीवर गुडघ्यांवरच बसली आणि सासूच्या पोटात डोकं खुपसून हंबरडा फोडला. काल मला शांतपणे म्हणाली होती, म्हायीत हाय म्हणून. काय डोंबल माहीत होतं तिला. तीही वाट बघत होती, स्वतःच्या नकळत. चांगुणाबाय तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते. शेठ गल्ल्यावरून उठले, रस्त्यावर माणसं थबकायला लागली होती म्हणून शटर अर्ध्यावर ओढलं आणि आत निघून गेले.

रडणं ओसरल्यावर चांगुणाबाय म्हणाली, “लिव आता, उल्का. हिच्या देखत लिव.”

गेलेल्याचं नाव बोलावणाऱ्यांत येत नाही, पण तिने तिथेच लिव म्हटलेलं; मी चि. खोडून कै. केलं. सौ. सुगंधा खोडून श्रीमती सुगंधा केलं. कै. च्या खाली लाल रेघ उमटली. मशीन विचारायला लागलं, कैक, कैद, कैरी. मला त्या यंत्राच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. दाबलं ‘दुर्लक्ष करा’. रेघ गेली. प्रूफ काढलं, वाचलं, चांगुणाबायने शाईच्या गादीवर अंगठा टेकला आणि कागदावर उठवला. पाचशे पत्रिका, तशाच जाणार होत्या. मुरुडलाही एक जाणार होती.

“मागं नळ हाय ना? जा, तोंड धुऊन ये,” तिने सुगंधाला सांगितलं. “ह्या अवतारात बाजारातनं चाललीस तर लोक माझ्या नावाने बोलतील.”

सुगंधा मागे गेली. नळाचा आवाज यायला लागला तशी चांगुणाबाय काउंटरवर वाकली.

“उल्का, एक पत्रिका येगळी काढशील?”

“वेगळी म्हणजे?”

“पहिली पत्रिका देवाफुडं ठेवतात ना. ती. तिच्यात चिरंजीवच ऱ्हाऊ दे.”

मला कळेना. “अगं, पण तांडेलाने बघितलं ना त्याला? डोळ्यांदेखत?”

“तांडेल मला कायपण बोलला नाय.”

“म्हणजे?”

“तो काय बघणार? काळोख होता. कोण कुठं गेलं ते त्याला तरी काय ठावूक! शेवटपर्यंत मला हेच सांगत होता, म्हातारा. बाय, मी काय बघितलं नाय, आस सोडू नको.” ती मागच्या दाराकडे बघत, भराभरा बोलत होती. “दर्यात लोक वाहत जातात, दुसऱ्या मुलखाच्या किनाऱ्याला लागतात. पकडून नेतात, तुरुंगात ठेवतात. येतात मग परत. माझा पोर पट्टीचा पोहणारा.”

“मग तिला असं का सांगितलंस? सगळा दोष स्वतःवर घेतलास? चांगुणाबाय, ती तुला काय समजेल आता?”

“समजू दे काय समजायचं ते. माझ्यावर राग धरला तर बरंच. पाय लवकर निघेल तिचा.” तिने पदराने तोंड पुसलं. “वाट मी बघीन गो. मी आई हाय, माझं काय जातंय? तिचं वय जातंय. काढतेस ना? लवकर काढ, ती यायच्या आत.”

घाईत दोनदा चुकीचं अक्षर दाबलं गेलं. कै. खोडून चि. लिहिलं. श्रीमती खोडून सौ. लिहायला गेले तर तिने माझा हात धरला. “तिचं नाव नको. ते हाय तसं ऱ्हाऊ दे. फक्त त्याचं बदल.” मी फक्त त्याचं बदललं. एक प्रत काढली. नळ चालू होता तोवर तिला त्याचं नाव हळूच वाचून दाखवलं. चि. हरेश्वर गणपत चोगले. तिने डोळे मिटून ऐकलं.

“परत वाच.”

मी परत वाचलं.

ह्या कागदावर अंगठ्याची गरज नव्हती. तसं मी म्हटलंही. पण तिने गादीवर अंगठा दाबला आणि मला विचारलं, “त्याचं नाव कुठं हाय?” मी बोटाने दाखवलं. त्या जागी तिने अंगठा टेकला आणि बराच वेळ उचललाच नाही. मग कागदाची घडी केली आणि चोळीत सरकवली.

नळ बंद झाला. सुगंधा पदराने तोंड पुसत बाहेर आली. तिने कुंकू धुऊन टाकलं होतं. कपाळ ओलं आणि मोकळं होतं. चांगुणाबाय तिच्याकडे बघत राहिली, आणि मघापासून जे आवरलं होतं ते सगळं तिच्या तोंडावर आलं. तिने छातीवर हात दाबून धरला.

“आय, रडू नको,” सुगंधा म्हणाली. “तुला तर म्हायीत होतं ना, आय? तू तर कधीच रडून घेतलं असशील.”

“हां,” चांगुणाबाय म्हणाली. “मी रडून घेतलंय गो. चल.”